चित्रपुस्तकांचे अध्यापन व चित्रफीत

बालकांसाठी रचलेली चित्रपुस्तके वर्गात कशी दाखवावीत, कशी वाचावीत आणि त्यांवर मुलांशी कसा संवाद साधावा, हे शिक्षकांना अवगत व्हावे म्हणून चित्रफितीचा उपयोग करण्याची पद्धती. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात शिक्षकाने दिलेल्या पाठाचे चित्रीकरण करून तोच पाठ त्याला पुन्हा पाहावयास देतात. दुसऱ्या प्रकारात शिक्षक एखाद्या चित्रपुस्तकावर स्वतः छोटी चित्रफीत तयार करतो व ती तयार करताना त्या पुस्तकाच्या घडणीचा अभ्यास करतो. पहिल्यात चित्रफीत आरशाचे काम करते, तर दुसऱ्यात लेखणीचे. या दोन्ही प्रकारांचा उगम भिन्न आहे. पहिला प्रकार अध्यापक-महाविद्यालयांतील सूक्ष्म अध्यापनातून निघाला. दुसऱ्याची मुळे ग्रंथालयांसाठी तयार झालेल्या बालचित्रपटांत व दूरचित्रवाणीवरील कथावाचनाच्या कार्यक्रमांत आढळतात. छायाचित्रक असलेला भ्रमणध्वनी सर्वसामान्य शिक्षकाच्या हाती आल्यावर हे दोन प्रवाह एकत्र आले आणि २०२० मधील कोरोना साथीच्या काळात त्यांना मोठा वेग मिळाला.

चित्रपुस्तकाचे स्वरूप : चित्रे असलेले प्रत्येक पुस्तक चित्रपुस्तक नव्हे. योहान आमोस कोमेन्यस (१५९२–१६७०) या शिक्षणतज्ज्ञाचा *ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टुस* हा सचित्र ग्रंथ न्यूरेंबर्ग येथे १६५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चित्रातील वस्तूंना क्रमांक देऊन लॅटिन व जर्मन भाषांतील त्यांची नावे समोर छापली होती. येथे चित्र शब्दाचा अर्थ सांगते. ते शब्दाला पूरक असते, परंतु त्याच्याहून वेगळे काही सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडमंड एव्हान्स या इंग्रज मुद्रकाने रंगीत छपाईत मोठी प्रगती घडवून आणली. त्याच्यासाठी रँडॉल्फ कॉल्डेकॉट (१८४६–८६) या चित्रकाराने १८७८ पासून जी पुस्तके तयार केली, त्यांत चित्र शब्दाच्या पुढे जाऊ लागले. जुन्या बालगीतातील एखाद्या ओळीत नसलेला प्रसंग चित्रात घडू लागला आणि आधुनिक चित्रपुस्तकाचा पाया घातला गेला. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेतर्फे उत्कृष्ट चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला १९३८ पासून दिले जाणारे पदक कॉल्डेकॉटच्याच नावाने ओळखले जाते.

विसाव्या शतकात शब्द व चित्र यांच्यातील हा ताण अधिक सूक्ष्म झाला. मॉरिस सेंडाक याच्या *व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर* (१९६३) या पुस्तकात मॅक्स या मुलाचा राग जसजसा वाढतो, तसतशी चित्रे पानावर पसरत जातात. मध्यभागी सलग तीन जोडपाने चित्रांनी पूर्ण व्यापलेली असून त्यांवर एकही शब्द नाही. अखेरीस मात्र केवळ शब्द उरतात, चित्र नसते. पॅट हचिन्झ हिच्या *रोझीज वॉक* (१९६८) मध्ये एक कोंबडी शेतवाडीतून फेरफटका मारून घरी परतते, एवढेच शब्दांत सांगितले आहे. तिच्या मागावर असलेला व प्रत्येक पानावर फजिती पावणारा कोल्हा केवळ चित्रांत दिसतो. मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. अक्षरे वाचणाऱ्या प्रौढाला जे दिसत नाही, ते अक्षरे न येणाऱ्या बालकाला आधी दिसते, ही या पुस्तकाची गंमत होय.

यातूनच अध्यापनाचा प्रश्न उद्‌भवतो. पाठ्यपुस्तकातील धडा शिकविण्याची सवय असलेला शिक्षक मजकूर वाचतो, कठीण शब्दांचे अर्थ सांगतो व शेवटी तात्पर्य विचारतो. चित्रपुस्तकाच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. ‘पाहा, मागे कोल्हा आहे’ असे शिक्षकाने पहिल्याच पानावर सांगून टाकले, तर मुलांच्या शोधाचा आनंद संपतो. तो काहीच न बोलता भराभर पाने उलटत गेला, तर मागच्या रांगेतील मुलांना कोल्हा दिसतच नाही. केव्हा बोलावे, केव्हा थांबावे, पान किती वेळ उघडे ठेवावे व कोणता प्रश्न विचारावा, हे निर्णय काही क्षणांत घ्यावे लागतात. ते व्याख्यानातून शिकविणे अवघड असते. कारण पाठ संपताच ते क्षणही निघून गेलेले असतात. चित्रफितीचे महत्त्व येथे आहे.

चित्र दाखवून कथा सांगण्याची कला भारतात नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने लावीत. श्रोत्यांचे लक्ष चित्राकडे वळविणे, चित्र बदलण्याचा क्षण साधणे व निवेदनाची लय राखणे ही कौशल्ये तेथे परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जात. आधुनिक बालशिक्षणात भावनगरचे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी कथाकथनाचे शास्त्र मांडले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बोर्डी व कोसबाड येथील कार्यातून बालशिक्षणाला महाराष्ट्राच्या मातीत रुजविले. शिक्षकाचे बोलणे हे स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगे कौशल्य आहे, ही जाणीव या परंपरेत होतीच. नव्हते ते बोलणे टिपून ठेवण्याचे साधन.

सूक्ष्म अध्यापन : व्यवहारोपयोगी असे पहिले चित्रफीतमुद्रण यंत्र अँपेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये सादर केले. ते आकाराने अवजड व अतिशय महाग असल्यामुळे प्रथम दूरचित्रवाणी केंद्रांतच वापरले गेले. तथापि त्यानंतर काही वर्षांतच, १९६३ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व त्याचे सहकारी यांनी शिक्षक-प्रशिक्षणात त्याचा उपयोग करून पाहिला. चित्रफितीची जोड देण्यात कीथ ॲचिसन या संशोधक-विद्यार्थ्याचा वाटा होता. या पद्धतीस ‘सूक्ष्म अध्यापन’ हे नाव मिळाले. तीत पाठाचा कालावधी ५ ते १० मिनिटे, विद्यार्थी ५ ते १० आणि एका वेळी सराव एकाच कौशल्याचा, अशी मर्यादा घातलेली असते. पाठ, त्याचे अवलोकन व प्रत्याभरण, पुनर्नियोजन, पुनरध्यापन आणि पुन्हा प्रत्याभरण असे हे चक्र असते. प्रश्न विचारणे, उत्तरासाठी थांबणे, उदाहरण देणे, मौनाचा व हावभावांचा उपयोग करणे अशी कौशल्ये वेगळी काढून त्यांचा सराव करण्यात येई. ॲलन व केव्हिन रायन यांचा या विषयावरील ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनी या जपानी कंपनीने १९६७ मध्ये खांद्यावरून नेता येईल असा संच बाजारात आणल्यावर चित्रीकरण प्रयोगशाळेबाहेर पडून प्रत्यक्ष वर्गात जाऊ लागले.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे वॉल्टर बोर्ग याने या पद्धतीला वेगळे वळण दिले. त्याच्या ‘लघुपाठ्यक्रमा’त शिक्षक आपल्याच शाळेतील काही मुलांना घेऊन पाठ देई व त्याची चित्रफीत पर्यवेक्षकाविना स्वतःच पाहून आपले मूल्यमापन करी. यांपैकी पहिला पाठ्यक्रम चर्चेत प्रश्न कसे विचारावेत या विषयावर होता. चित्रपुस्तकांवरील संवादाच्या दृष्टीने हा टप्पा महत्त्वाचा ठरतो. कारण त्यात चित्रफितीचा मालक परीक्षक नसून शिक्षक स्वतः होता.

आरंभीचा उत्साह ओसरल्यावर काही दोषही लक्षात आले. फ्रान्सिस फुलर व ब्रॅड मॅनिंग यांनी १९७३ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. स्वतःला पडद्यावर पाहणाऱ्या व्यक्तीचे लक्ष प्रथम आपले रूप, आवाज व हालचाली यांकडेच जाते, केवळ चित्रफीत दाखविल्याने अध्यापन आपोआप सुधारत नाही आणि नेमके काय पाहावे याचे मार्गदर्शन नसल्यास हा अनुभव मनःस्ताप देणाराही ठरू शकतो, असे त्यातून सूचित झाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मिरियम शेरिन हिच्या पुढाकाराने गणिताच्या शिक्षकांची ‘चित्रफीत मंडळे’ चालविण्यात आली. त्यांत चर्चेचा रोख शिक्षकाच्या वागण्याकडून मुलांच्या विचारांकडे वळविला गेला. पडद्यावर स्वतःला पाहण्याऐवजी मुलाला पाहणे, हा बदल चित्रपुस्तकांच्या अध्यापनासही तितकाच लागू पडतो.

भारतात सूक्ष्म अध्यापनाचा प्रारंभिक प्रयोग अलाहाबाद येथे डी. डी. तिवारी यांनी १९६७ मध्ये केला. १९७० नंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील उच्च शिक्षणशास्त्र केंद्राने, विशेषतः बी. के. पासी व त्यांचे सहकारी यांनी, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या साहाय्याने या पद्धतीचे भारतीय रूप सिद्ध केले. त्यात पाठास ६ मिनिटे, प्रत्याभरणास ६, पुनर्नियोजनास १२, पुनरध्यापनास ६ व अंतिम प्रत्याभरणास ६, असे ३६ मिनिटांचे चक्र असते. चित्रफितीची यंत्रे बहुतेक महाविद्यालयांना परवडणारी नसल्यामुळे त्यांची जागा निरीक्षण-तक्त्यांनी घेतली आणि सहाध्यायीच विद्यार्थ्यांची भूमिका करू लागले. महाराष्ट्रातील अध्यापक-महाविद्यालयांतही सूक्ष्मपाठ रूढ झाले ते याच स्वरूपात. ही तडजोड कल्पक होती व तीमुळे पद्धतीचा प्रसार झाला. तथापि चित्रपुस्तकाच्या दृष्टीने तीत दोन उणिवा राहिल्या. तक्त्यात प्रश्नांची संख्या नोंदता येते, पण पान उलटण्यापूर्वीची शांतता नोंदता येत नाही. शिवाय विद्यार्थ्याची भूमिका करणारा प्रौढ चित्राकडे पाच वर्षांच्या मुलाच्या नजरेने पाहू शकत नाही.

चित्रपट व दूरचित्रवाणी : चित्रपुस्तक पडद्यावर आणण्याचे पद्धतशीर कार्य मॉर्टन शिंडेल (१९१८–२०१६) या अमेरिकन निर्मात्याने केले. त्याने १९५३ मध्ये कनेटिकट राज्यातील वेस्टन येथे ‘वेस्टन वूड्स’ ही संस्था स्थापन केली. चित्रे नव्याने न काढता मूळ चित्रावरूनच छायाचित्रक हळूहळू फिरवावयाचा, जवळ न्यावयाचा, मागे घ्यावयाचा व त्याला निवेदनाची आणि संगीताची जोड द्यावयाची, असे त्याचे तंत्र होते. त्याचे चित्रपट अमेरिकेतील शाळा-ग्रंथालयांत पोहोचले. प्राग येथे राहणाऱ्या जीन डाइच या चलत्पटकाराने याच संस्थेसाठी हचिन्झ व सेंडाक यांच्या वर उल्लेखिलेल्या पुस्तकांचे चलत्पट तयार केले. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर १९६५ मध्ये सुरू झालेल्या *जॅकनोरी* या कार्यक्रमात एक अभिनेता खुर्चीत बसून गोष्ट सांगे व अधूनमधून चित्रे दाखविली जात. हा कार्यक्रम १९९६ पर्यंत चालू होता. अमेरिकेत १९८३ ते २००६ या काळात *रीडिंग रेनबो* या मालिकेने चित्रपुस्तके घरोघरी नेली. हे कार्यक्रम मुलांसाठी होते. तथापि उत्तम वाचन कसे असते याचा नमुना त्यांतून शिक्षकांसमोरही आला.

भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग (साइट) सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत करण्यात आला. त्यात शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होते. तसेच प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचे बारा दिवसांचे प्रशिक्षण दूरचित्रवाणी, आकाशवाणी व छापील साहित्य यांच्या एकत्रित उपयोगाने देण्यात आले. दूर अंतरावरील हजारो शिक्षकांना पडद्याद्वारे एकाच वेळी शिकविता येते, हे त्यातून दिसून आले. पुढे १९८४ मध्ये दिल्ली येथे केंद्रीय शैक्षणिक तंत्रविद्या संस्था आणि पुण्यात ‘बालचित्रवाणी’ या नावाने ओळखली जाणारी राज्य संस्था स्थापन झाली. बालचित्रवाणीने मराठीतून मुलांसाठी अनेक कार्यक्रम निर्माण केले. कालांतराने ती बंद झाली. या सर्व व्यवस्थेत चित्रण करणारा तंत्रज्ञ व चित्रण पाहणारा शिक्षक हे भिन्न होते. शिक्षक हा ग्राहकच राहिला.

संवादात्मक वाचन : न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथे ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्याचे सहकारी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने चित्रपुस्तक-वाचनाला नवी दिशा दिली. मोठ्या माणसाने वाचावे व मुलाने ऐकावे, याऐवजी मोठ्याने मुलाला बोलते करावे, त्याच्या उत्तराची दखल घ्यावी, ते थोडे वाढवून सांगावे व मुलाकडून पुन्हा म्हणवून घ्यावे, असे या पद्धतीचे सूत्र आहे. सुमारे एक महिन्याच्या अशा वाचनानंतर मुलांच्या बोलण्यात लक्षणीय प्रगती आढळली. यानंतरचा प्रश्न होता तो ही रीत अनेकांना कशी शिकवावी हा. १९९४ मध्ये याच गटाने प्रत्यक्ष शिकवणी व चित्रफितीद्वारे दिलेले प्रशिक्षण यांची मातांच्या बाबतीत तुलना केली, तेव्हा चित्रफितीद्वारे दिलेले प्रशिक्षण प्रत्यक्ष शिकवणीच्या तोडीचे ठरले. चित्रपुस्तक व चित्रफीत यांचा प्रशिक्षणातील थेट संबंध येथे प्रथम प्रयोगाने तपासला गेला. पुढे ही पद्धती बालवाडी-शिक्षकांच्या प्रशिक्षणातही आली.

शिक्षक : चित्रफितीचा निर्माता : एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भ्रमणध्वनीवर चित्रीकरण व संकलन दोन्ही शक्य झाल्यामुळे निर्माता व ग्राहक यांतील अंतर मिटले. याच काळात भारतीय भाषांत चित्रपुस्तकांचा पुरवठाही वाढला. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रेन्स बुक ट्रस्ट व नॅशनल बुक ट्रस्ट या संस्थांनी आरंभीचा मार्ग घालून दिला होता. त्यानंतर भोपाळची एकलव्य, चेन्नईची तूलिका, पुण्याची ज्योत्स्ना प्रकाशन इ. संस्थांनी या वाङ्‌मयप्रकारात भर घातली. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या *राधाचं घर* सारख्या पुस्तकांनी मुलांच्या नित्य जगातील चित्र-शब्दांचा नवा मेळ साधला. प्रथम बुक्स या २००४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे जालावरील कथाभांडार खुले केले. त्यातील पुस्तके मुक्त परवान्याखाली असल्यामुळे शिक्षकाला त्यांचे भाषांतर, रूपांतर व चित्रीकरण मूळ कर्त्यांचा नामनिर्देश करून करता येते.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ या उपक्रमाद्वारे भ्रमणध्वनीवरून अभ्यास-साहित्य धाडले जाऊ लागले व जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर *टिलीमिली* ही मालिका सुरू झाली. परदेशांत अनेक मोठ्या प्रकाशकांनी आपली पुस्तके जालावर वाचून दाखविण्यास शिक्षकांना तात्पुरती व सशर्त परवानगी दिली. जगभर असंख्य शिक्षकांनी प्रथमच छायाचित्रकासमोर बसून चित्रपुस्तक वाचले. अध्यापक-महाविद्यालयांतील छात्रशिक्षकांनाही सरावासाठी वर्ग उपलब्ध नसल्यामुळे अनेक ठिकाणी चित्रफीत हाच पाठ झाला. मात्र ज्या घरांत भ्रमणध्वनी नव्हता किंवा एकच होता, त्या घरांतील मुलांपर्यंत ती पोहोचलीच नाही, हे या काळाचे कटू वास्तव होय.

निर्मितीतील शिक्षण : चित्रफीत तयार करताना शिक्षकाला पुस्तकाविषयी असे निर्णय घ्यावे लागतात, की जे वर्गात नकळत घेतले जातात. प्रथम त्याला पानांचा आराखडा मांडावा लागतो. कोणते चित्र पूर्ण दाखवावे व कोणत्या भागाजवळ जावे, हे ठरविताना त्या चित्राची रचना त्याच्या लक्षात येते. *रोझीज वॉक*च्या पहिल्याच पानावर छायाचित्रक कोल्ह्याजवळ नेला, तर चित्रकर्तीने मुलासाठी राखून ठेवलेला शोध निर्माताच हिरावून घेतो, हे त्याला चित्रीकरण पाहताच कळते. निवेदन ध्वनिमुद्रित करताना मजकूर किती थोडा आहे व चित्र किती बोलते, याचा प्रत्यय येतो. संकलनात पान उलटण्याचा क्षण सेकंदांत मोजावा लागतो. ‘पुढे काय होईल?’ हा प्रश्न विचारून किती थांबावे, याचा निर्णय तेथे टाळता येत नाही. पहिली चित्रफीत पाहून सहकाऱ्यांशी चर्चा करावी व ती पुन्हा तयार करावी, असा क्रम ठेवल्यास सूक्ष्म अध्यापनाचेच चक्र नव्या रूपात सिद्ध होते.

मर्यादा : या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव म्हणजे चित्रफितीत मूल नसते. पुस्तकासमोर बसलेले मूल आपल्या गतीने पाहते, मागचे पान पुन्हा उघडते व कोपऱ्यातील मुंगीवर बोट ठेवते. चित्रफितीत त्याची नजर कोठे जावी हे दुसऱ्याने आधीच ठरविलेले असते. प्रश्नानंतरच्या मोकळ्या जागेत मुलाने दिलेले उत्तर निवेदकाला ऐकू येत नाही. म्हणून संवादात्मक वाचनाचा गाभाच तेथे हरपतो. यासाठी तयार चित्रफीत ही वर्गातील वाचनाची जागा घेणारी वस्तू न मानता वाचनाची पूर्वतयारी मानणे इष्ट ठरते. तीच चित्रफीत करणाऱ्या शिक्षकाने नंतर तेच पुस्तक मुलांसमोर प्रत्यक्ष वाचणे व शक्य तेथे त्या वाचनाचेही चित्रण करून पाहणे अधिक फलदायी होय.

दुसरा प्रश्न हक्कांचा आहे. भारतीय लेखाधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतिकृतीस सूट आहे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने छायाप्रतींसंबंधीच्या एका प्रसिद्ध खटल्यात या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. तथापि संपूर्ण पुस्तकाची चित्रफीत जालावर सर्वांसाठी खुली करणे ही वर्गापुरत्या उपयोगाहून वेगळी बाब आहे. चित्रकार व लेखक यांचे उत्पन्न पुस्तकाच्या विक्रीवर अवलंबून असते. चित्रणात मुले दिसत असल्यास पालकांच्या संमतीचा व मुलांच्या खासगीपणाचाही विचार करावा लागतो. तिसरा प्रश्न शिक्षकाच्या सन्मानाचा आहे. शिकण्यासाठी केलेली चित्रफीत तपासणीचे वा गुणदानाचे साधन झाली, की शिक्षक चुका लपवू लागतो, निर्दोष दिसण्यासाठी पाठ पाठांतराने सादर करतो आणि पद्धतीचा मूळ हेतू विफल होतो.

एकाच पुस्तकाची एकच प्रत व समोर तीस-चाळीस मुले, ही भारतातील अनेक प्राथमिक वर्गांची स्थिती आहे. अशा वर्गात मोठ्या पडद्यावर दाखविलेले चित्र शेवटच्या रांगेतील मुलापर्यंत पोहोचू शकते, हा चित्रफितीचा व्यावहारिक लाभ नाकारता येत नाही. तिचे खरे शैक्षणिक मूल्य मात्र ती तयार करणाऱ्याला काय दिसू लागले, यावर अवलंबून राहते. चित्रातील कोल्हा मुलांना आधी दिसतो हे ज्या शिक्षकाने स्वतः पाहिले आहे, तो पुस्तक उघडल्यावर पहिले बोलणे मुलांवर सोपवितो.